आत्मविकासाची पुस्तके आणि आपली मुले

ऑक्टोबर महिन्यात आपल्या समाजाच्या दृष्टीने दोन अर्थपूर्ण दिवस एकमेकांना लागून येतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. १५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस महाराष्ट्रातील शाळा २०१५ पासून 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून साजरा करतात. या दिवशी मुलांनी आपल्या आवडीचे पुस्तक आणावे आणि वर्गात बसून वाचावे, असा परिपाठ आहे. गेल्या काही वर्षांत वरच्या वर्गांतील मुलांच्या हातांत त्या दिवशी कोणती पुस्तके असतात हे आम्ही लक्षपूर्वक पाहत आलो आहोत. कथा-कादंबऱ्या थोड्या, चरित्रे त्याहून थोडी, आणि उरलेली बहुतेक 'यशस्वी कसे व्हावे', 'सवयी कशा बदलाव्यात', 'श्रीमंत होण्याची सूत्रे' या जातीची. इंग्रजीतून मराठीत आलेली, चकचकीत मुखपृष्ठाची, नांदेडच्या दुकानांतून, रेल्वे स्थानकांवरील स्टॉलवरून किंवा मोठ्या भावाच्या पेटीतून आलेली.

या पुस्तकांविषयी आपल्या समाजात दोन टोकांची मते ऐकू येतात. चळवळीतील ज्येष्ठ मंडळी म्हणतात, हे भांडवलशाहीचे साहित्य आहे, मुलांच्या हाती देऊ नका. अनेक पालक म्हणतात, मुलगा एवढे तरी वाचतो ना, मग वाचू द्या. संस्थेच्या या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्हांस या प्रश्नावर आमचे मत मांडावेसे वाटते. ते थोडक्यात असे की, ही पुस्तके आपल्या मुलांनी अवश्य वाचावीत. परंतु ती बाबासाहेबांच्या वारसांनी वाचावीत तशी, म्हणजे प्रश्न विचारत आणि सोबतीने वाचावीत. असे वाचन झाले नाही तर याच पुस्तकांतून आपल्या मुलांचे नुकसान होण्याचा संभव आहे, आणि ते नुकसान आज आपल्या डोळ्यांसमोर घडत आहे.

या पुस्तकांची गरज कोणाला?

प्रथम या पुस्तकांच्या बाजूने बोलले पाहिजे, कारण ती बाजू खरी आहे. मुदखेड, भोकर, उमरी, अर्धापूर या परिसरातून आपल्या वसतिगृहात येणारी मुले बहुतांशी शिक्षणाच्या पहिल्या किंवा दुसऱ्या पिढीची आहेत. वडील ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर, आई दुसऱ्याच्या शेतात खुरपणीला. या आईवडिलांनी मुलाला काय दिले नाही? पोटाला चिमटा घेऊन सगळे दिले. परंतु अभ्यासाचे वेळापत्रक कसे करावे, मुलाखतीला गेल्यावर कसे बसावे, अनोळखी अधिकाऱ्याशी काय बोलावे, पहिला पगार आल्यावर त्यातील किती बाजूला ठेवावा, हे ते सांगू शकत नाहीत. कारण ते त्यांना कोणी सांगितलेले नाही. शिकलेल्या घरांत हे ज्ञान जेवणाच्या ताटावर आपसूक मिळते. काका बँकेत असतो, मामा मंत्रालयात असतो, त्यांच्या गप्पांतून मुलगा सारे शिकतो आणि आपण काही शिकलो याची त्याला जाणीवही होत नाही.

आपल्या मुलाला असा काका नसतो. त्याच्यासाठी दीडशे-दोनशे रुपयांचे पुस्तक हाच काका असतो. सकाळी लवकर उठावे, कामांची यादी करावी, एका वेळी एकच गोष्ट करावी, बोलताना समोरच्याचे नाव लक्षात ठेवावे, हरल्यावर पुन्हा उभे राहावे, या साध्या गोष्टी आहेत. पण ज्याला त्या कोणी सांगितल्या नाहीत त्याला त्या मौल्यवान वाटतात, आणि आहेतही. शहरातील विद्वान या पुस्तकांना हसतात तेव्हा ते आपल्या न दिसणाऱ्या काका-मामांच्या जिवावर हसत असतात. त्या हसण्यात आपण सामील होण्याचे कारण नाही.

आमचे अनेक विद्यार्थी अशी पुस्तके वाचून बोलके झाले, वेळ पाळू लागले, व्यसनापासून दूर राहिले. हा लाभ आम्ही नाकारत नाही.

'सेल्फ-हेल्प' या शब्दाचा विसरलेला जन्म

आम्ही इतिहासाचे विद्यार्थी असल्यामुळे या साहित्याच्या मुळाशी जाण्याचा मोह आवरत नाही. ज्या पुस्तकाने या साऱ्या प्रकाराला नाव दिले ते 'सेल्फ-हेल्प' हे सॅम्युअल स्माइल्स यांचे पुस्तक १८५९ मध्ये इंग्लंडात प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी डार्विनचा 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' हा ग्रंथही प्रसिद्ध झाला. स्माइल्स यांचे पुस्तक म्हणजे एकट्याने वर चढण्याचा मंत्र, असा आज सर्वांचा समज आहे. परंतु पुस्तक जन्मले कसे, ते पाहण्यासारखे आहे.

लीड्स हे कापड गिरण्यांचे शहर. तेथील दोन-तीन कामकरी तरुणांनी हिवाळ्याच्या संध्याकाळी एकत्र बसून एकमेकांना शिकवायचे ठरविले. ज्याला जे येते ते त्याने दुसऱ्याला शिकवावे, एवढाच नियम. कोणी वाचन शिकवले, कोणी लेखन, कोणी हिशेब. हळूहळू संख्या वाढली, घर अपुरे पडू लागले, तेव्हा त्यांनी एक जुनी खोली भाड्याने घेतली. त्या जागेत पूर्वी पटकीच्या रुग्णांसाठी तात्पुरते रुग्णालय होते. कोणी ती घेईना म्हणून ती या तरुणांना मिळाली. याच मंडळींनी स्माइल्स यांना चार शब्द बोलण्यासाठी १८४५ मध्ये बोलावले आणि त्या व्याख्यानांतून पुढे हे पुस्तक झाले. ही हकीगत खुद्द लेखकाने नमूद केली आहे.

म्हणजे आत्मविकासाच्या जगप्रसिद्ध पुस्तकाच्या मुळाशी एकमेकांना शिकविणाऱ्या गरीब कामगारांचे एक मंडळ होते. 'स्व-मदती'चा जन्म परस्पर-मदतीतून झाला. पुढच्या काळात मंडळ विस्मरणात गेले आणि एकटा माणूस तेवढा उरला. वसतिगृहात वाढलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना त्या भाड्याच्या खोलीची ओळख वेगळी करून देण्याची आवश्यकता नाही. दहावीच्या मुलाने सातवीच्या मुलाला कंदिलाखाली किंवा आता ट्यूबलाइटखाली गणित समजावून द्यावे, हीच आपली परंपरा आहे.

बहिणींचे दागिने

आत्मविकासाच्या पुस्तकांत नेहमी एकच नायक असतो. त्याने ठरविले, त्याने कष्ट केले, तो जिंकला. आपण चरित्रे नीट वाचली तर वेगळे दिसते.

बाबासाहेबांच्या वाचनवेडाची कथा सर्वांना ठाऊक आहे. त्या वेडाचा खर्च कोणी भागविला, याकडे मात्र आपले लक्ष जात नाही. मुलाला पुस्तक हवे असे म्हटले की सुभेदार रामजी सकपाळ पैशांसाठी लग्न झालेल्या मुलीकडे जात. तिच्याकडे रोख नसली की तिच्या अंगावरील दागिना घेऊन तो गहाण ठेवीत, पुस्तक आणीत आणि निवृत्तिवेतन हाती आले की दागिना सोडवून मुलीला परत करीत. चरित्रकार धनंजय कीर यांनी हे नोंदविले आहे. ज्या ज्ञानसूर्याला आपण वंदन करतो त्याच्या पहिल्या पुस्तकांची किंमत अशी त्याच्या बहिणींनी मोजली होती.

दुसरे उदाहरण ज्यांच्या नावे आपण वाचन प्रेरणा दिन साजरा करतो त्या कलामांचे. 'अग्निपंख' हे त्यांचे आत्मचरित्र आपल्या मुलांचे आवडते पुस्तक. मद्रासच्या तंत्रशिक्षण संस्थेत प्रवेश मिळाला तेव्हा शुल्काचे पैसे घरी नव्हते. त्यांच्या बहिणीने, जोहराने, सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण ठेवून ते उभे केले. मुलांना या पुस्तकात काय आवडले, असे आम्ही विचारतो तेव्हा ती अग्निबाण सांगतात, 'पृथ्वी' आणि 'अग्नी' सांगतात. बांगड्या क्वचितच कोणी सांगते.

तिसरे उदाहरण आपल्याच भागातले. उदगीर परिसरात वाढलेल्या प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' हे आत्मकथन १९७९ मध्ये आले. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपलेला हा मुलगा बहिणीच्या आश्रयाने वाढला, उपासमार आणि अवहेलना सोसत शिकला आणि प्राध्यापक झाला. मराठवाड्याची माती, भाषा आणि भूक ज्याला समजून घ्यायची आहे त्याने हे पुस्तक वाचलेच पाहिजे. यातही पायाशी पुन्हा एक बहीण आहे.

तीन माणसे, तीन वेगळे काळ, आणि तिन्ही ठिकाणी एका स्त्रीने आपल्याजवळचे काढून दिलेले. आपल्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याच्या मागे अशी कोणी तरी आहे. ती बहुधा शिकलेली नाही. 'मी स्वतःच्या बळावर उभा राहिलो' असे वाक्य ज्या पुस्तकातून शिकले जाते, ते पुस्तक चांगले असले तरी अपुरे आहे, हे मुलांना सांगणे आम्ही आमचे कर्तव्य मानतो.

नव्या वेष्टनातील पूर्वकर्म

आता हानीकडे वळू. या साहित्यात एक प्रकार असा आहे की जो सांगतो, तुमचा विचार जसा तसे तुमचे जीवन. २००६ मध्ये आलेले 'द सीक्रेट' हे या प्रकारातील सर्वांत गाजलेले पुस्तक. मराठीसह अनेक भाषांत ते पोहोचले. मनात श्रीमंतीचा विचार धरा, श्रीमंती आकर्षित होईल. दारिद्र्याचा विचार कराल तर दारिद्र्य येईल, असा त्याचा एकूण आशय. वरवर पाहता यात उत्साह आहे. पण हे वाक्य उलटे करून पाहावे. जो गरीब आहे तो त्याच्याच विचारांमुळे गरीब आहे. जो नापास झाला त्याचा विचारच कमी पडला. जिच्यावर अत्याचार झाला तिनेच तो ओढवून घेतला!

हे आपण पूर्वी कोठे ऐकले आहे? गावकुसाबाहेरच्या माणसाला हजारो वर्षे हेच सांगितले गेले. मागच्या जन्मीचे कर्म, म्हणून हा जन्म. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माच्या या सिद्धान्ताची कठोर चिकित्सा केली आहे. गरिबांच्या आणि दीनांच्या अवस्थेच्या जबाबदारीतून समाजाला व राज्याला मोकळे करणे, याखेरीज या सिद्धान्ताचा दुसरा हेतू दिसत नाही, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. आम्हांस असे वाटते की 'विचारांचे आकर्षण' हे त्याच पूर्वकर्माचे नवे वेष्टन आहे. फरक इतकाच की, आता मागचा जन्म लागत नाही, कालचा विचार पुरतो.

याचा परिणाम आम्ही शिक्षक म्हणून पाहतो. लातूर-नांदेडच्या शिकवणी वर्गांचे शुल्क भरण्यासाठी ज्याच्या वडिलांनी उसनवारी केली, त्या वर्षी सोयाबीनला भाव मिळाला नाही आणि पुढच्या वर्षी अतिवृष्टीने पीक गेले, तो मुलगा एका परीक्षेत थोड्या गुणांनी मागे पडतो. त्याने वाचलेली पुस्तके त्याला सांगतात की, अपयशाचे कारण तुझ्यातच शोध. तो शोधतो, आणि शोधता शोधता स्वतःलाच खाऊ लागतो. घरी बोलत नाही, मित्रांना टाळतो. शिक्षकांसमोर येत नाही, कारण शिक्षकांनी त्याच्यावर विश्वास ठेवला होता. त्याच्या अपयशात पावसाचा वाटा आहे, बाजारभावाचा आहे, कमी झालेल्या शिष्यवृत्त्यांचा आणि न भरलेल्या जागांचा आहे, हे त्याला सांगणारे पुस्तक त्याच्या उशाशी नसते.

मराठवाड्याचा इतिहास ज्याने वाचला त्याला ही चूक करता येणार नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात झाला आणि पाठोपाठ आमच्या वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे यांना क्रूरपणे ठार करण्यात आले. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. त्या साडेपंधरा वर्षांत या जिल्ह्यातील कितीतरी घरांतील मुलांचे शिक्षण तुटले. त्यांची विचारसरणी 'सकारात्मक' नव्हती म्हणून ते तुटले, असे म्हणण्याची कोणाची छाती आहे? आपल्या मुलाने स्वतःचे दोष अवश्य पाहावेत. आळस असेल तर आळस म्हणावे. परंतु दोष कोणता आपला आणि कोणता व्यवस्थेचा, हे वेगळे करता येणे, यालाच शिक्षण म्हणतात.

१९३६ सालची दोन पुस्तके

डेल कार्नेगी यांचे 'हाऊ टु विन फ्रेंड्स अँड इन्फ्लुएन्स पीपल' हे पुस्तक १९३६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाले. मित्र कसे जोडावेत, लोकांवर छाप कशी पाडावी हा त्याचा विषय. कोणावर टीका करू नका, मनापासून प्रशंसा करा, वाद टाळा, समोरच्याला त्याच्या आवडीच्या विषयावर बोलू द्या, असा त्यातील उपदेश. विक्रेत्यासाठी, कारकुनासाठी, नव्याने नोकरीला लागलेल्या तरुणासाठी तो उपयुक्त आहे. आमच्या शिक्षकी पेशातही तो थोडासा उपयोगी पडतो.

त्याच १९३६ मध्ये आपल्या देशात आणखी एक पुस्तक निघाले. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने बाबासाहेबांना वार्षिक अधिवेशनाचे अध्यक्ष म्हणून निमंत्रण दिले होते. भाषणाची प्रत पाहताच मंडळी बिचकली. काही भाग गाळावा, असा आग्रह झाला. बाबासाहेबांनी बदल करण्यास नकार दिला. अधिवेशन रद्द झाले. तेव्हा त्यांनी ते भाषण स्वखर्चाने छापले. 'जातिप्रथेचे विध्वंसन' या नावाने आपण ते ओळखतो. पहिल्या १५०० प्रती दोन महिन्यांच्या आत संपल्या.

कार्नेगींच्या कसोटीवर बाबासाहेब नापास ठरतात. त्यांनी यजमानांची प्रशंसा केली नाही, वाद टाळला नाही, मित्र जोडले नाहीत, उलट जोडलेले गमावले. परंतु आज जगभरच्या विद्यापीठांत ते न झालेले भाषण वाचले जाते, आणि त्या न झालेल्या अधिवेशनाचे नाव त्या भाषणामुळेच शिल्लक आहे.

याचा अर्थ आपल्या मुलांनी उद्धट व्हावे, असा नाही. गोड बोलणे हा गुण आहे. सम्यक वाणी ही आर्य अष्टांगिक मार्गातील एक पायरीच आहे. परंतु सम्यक वाणीची पहिली अट सत्य ही आहे, गोडवा नंतर येतो. कार्यालयात जातीवरून टोमणा मारला गेला तर हसून साजरे करावे की शांतपणे हरकत घ्यावी, हे कार्नेगी सांगत नाहीत. तेथे १९३६ सालचे दुसरे पुस्तक हाताशी असावे लागते. आपल्या मुलांनी दोन्ही वाचावीत, आणि कोणते केव्हा कामी आणायचे हे ओळखावे.

एका वडिलांचे उत्तर आणि एका मुलाचा प्रश्न

आत्मविकासासाठी वाचन ही कल्पना आपल्या घराला नवी नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी १९५६ मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी आपल्या बालपणातील एक प्रसंग सांगितला आहे. ते शाळेची एक परीक्षा उत्तीर्ण झाले म्हणून वस्तीतील लोकांना अभिनंदनाची सभा घ्यायची होती. वडिलांचा विरोध होता. पोराच्या डोक्यात हवा जाईल, असे त्यांना वाटे. शेवटी कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी मध्यस्थी केली, सभा झाली, आणि केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र त्या मुलाला भेट दिले.

ते वाचून मुलाने वडिलांना विचारले की, आपण आम्हांला रामायण-महाभारतच का वाचायला लावता, बुद्धाचे वाङ्मय का दाखविले नाही? पुढे वडिलांनी दिलेले उत्तर फार मोलाचे आहे. आपण अस्पृश्य असल्याने तुझ्या मनात न्यूनगंड येण्याचा संभव आहे. द्रोण आणि कर्ण यांच्याकडे पाहा, लहान माणसे किती उंचीवर गेली. वाल्मीकीकडे पाहा, तो कोळी होता. तो न्यूनगंड जावा म्हणून मी हे वाचायला लावतो, असा त्या उत्तराचा आशय होता.

आज एखादा पालक आपल्या मुलाला 'यशस्वी माणसांच्या कथा' आणून देतो, त्यामागे हीच माया असते. सुभेदार रामजी हे आपल्या समाजातील आत्मविकासाच्या वाचनाचे पहिले पुरस्कर्ते होते, असे म्हटले तरी चालेल. परंतु त्या उत्तराने मुलाचे समाधान झाले नाही. महाभारतातील एकही व्यक्ती त्याच्या मनाला भिडली नाही. त्याने वडिलांचा हेतू ओळखला, त्यांचा आदर केला, आणि तरीही आपला प्रश्न सोडला नाही. त्या भेट मिळालेल्या पुस्तकापासून सुरू झालेला प्रवास दीक्षाभूमीवर येऊन पोहोचला.

आमच्या मते वाचनाचा खरा आदर्श येथे आहे. वडिलांनी पुस्तक द्यावे आणि मुलाने प्रश्न विचारावा. महात्मा फुल्यांनी १८४७ च्या सुमारास थॉमस पेन यांचा 'राइट्स ऑफ मॅन' वाचला. त्या ग्रंथाने त्यांना सुखी होण्याची सूत्रे दिली नाहीत, माणसाच्या हक्कांविषयीचे प्रश्न दिले. पुढच्याच वर्षी त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली.

सिगालाच्या सहा दिशा

भगवान बुद्धांच्या उपदेशात गृहस्थाच्या प्रगतीचे मार्गदर्शन नाही, असे समजणाऱ्यांनी सिगालोवाद सुत्त पाहावे. राजगृहाचा सिगाल नावाचा तरुण सकाळी ओल्या वस्त्रांनिशी सहा दिशांना नमस्कार करीत होता, कारण वडिलांनी मरताना तसे सांगितले होते. बुद्धांनी त्याला दिशांचा अर्थ समजावून दिला. पूर्व म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे गुरुजन, पश्चिम म्हणजे पत्नी आणि मुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे राबणारे सेवक आणि कामकरी, वरची दिशा म्हणजे श्रमण. प्रत्येक दिशेशी माणसाचे कर्तव्य आहे आणि त्या दिशेचेही त्याच्याशी कर्तव्य आहे. व्यसन, जुगार, आळस आणि वाईट संगत यांनी संपत्तीचा नाश कसा होतो, तेही सांगितले. मिळकतीचे चार भाग करावेत, एक उपभोगासाठी, दोन उद्योगासाठी आणि एक अडीअडचणीसाठी राखून, हा हिशेबही तेथे आहे.

अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे आत्मविकासाचे पाठ्यपुस्तकच होय. परंतु त्यातील 'स्व' सहा दिशांनी माणसांशी जोडलेला आहे, आणि राबणारा कामकरीही त्यात एक संपूर्ण दिशा आहे. आजच्या किती यशसूत्रांमध्ये कामगाराविषयीचे आपले कर्तव्य सांगितलेले असते, हे मुलांनी शोधून पाहावे.

वाचावे कसे?

केसपुत्त नगरीच्या कालामांना बुद्धांनी सांगितले की परंपरेने आले, ग्रंथात आहे किंवा थोर माणूस सांगतो एवढ्यावरून काही स्वीकारू नये. स्वतःच्या अनुभवाने कुशल-अकुशल पारखून घ्यावे. या कसोटीवर कोणतेही आत्मविकासाचे पुस्तक घासता येते. आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना चार प्रश्न विचारायला सांगतो.

पहिला प्रश्न, या पुस्तकात सांगितलेली कोणती गोष्ट मी उद्या सकाळपासून करून पाहू शकतो? ज्यात अशी एकही गोष्ट नाही ते पुस्तक नुसते नशा देते. दुसरा, लेखकाने सांगितलेल्या यशामागे कोणाचे कष्ट न सांगितलेले राहिले? तिसरा, हे पुस्तक माझ्या अपयशाचे सारे कारण माझ्यावरच टाकते काय? टाकत असेल तर त्या पानावर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करावे. चौथा, माझा विकास झाल्यावर माझ्या गावाचे काय, याचे उत्तर यात आहे काय?

दोन पुस्तकांची जोडीही लावावी. सवयींवरील एक पुस्तक वाचले की एक आत्मचरित्र वाचावे. बेबीताई कांबळे फलटणला छोटेसे दुकान चालवीत असताना पुड्या बांधण्यासाठी आलेल्या रद्दीचे कागदही वाचून काढीत. घरच्यांपासून लपवून वर्षानुवर्षे त्यांनी वह्या लिहिल्या आणि १९८६ मध्ये 'जिणं आमुचं' पुस्तकरूपाने आले. वेळ मिळत नाही म्हणणाऱ्या आमच्या कोणत्याही विद्यार्थ्याला वेळेच्या नियोजनाचा यापेक्षा मोठा धडा आम्ही देऊ शकत नाही.

माजी विद्यार्थी आणि पालकांस विनंती

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात आपल्या गावोगावच्या विहारांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे सामूहिक वाचन होते. दिवसभर शेतात राबून आलेल्या माता-भगिनी संध्याकाळी पांढरी साडी नेसून ऐकायला बसतात. ज्यांना अक्षरओळख नाही त्याही ऐकतात, शंका विचारतात. लीड्सच्या त्या कामगारांना जी खोली भाड्याने घ्यावी लागली ती आपल्याला गावोगाव उभी मिळाली आहे. त्या वाचनानंतर अर्धा तास तरुणांसाठी राखावा, असे आम्ही सुचवितो. एकाने महिनाभरात वाचलेल्या पुस्तकाविषयी दहा मिनिटे बोलावे आणि इतरांनी प्रश्न विचारावेत. बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादेत काढलेल्या महाविद्यालयाला पुढे नाव दिले ते मिलिंदाचे, नागसेन भिक्खूला प्रश्नांमागून प्रश्न विचारणाऱ्या राजाचे. त्या नावाचा अर्थ आपल्या विहारांतही रुजावा.

दुसरी विनंती सत्कारांविषयी आहे. दहावी-बारावीच्या गुणवंतांना आपण शाल, हार आणि स्मृतिचिन्ह देतो. स्मृतिचिन्हावर धूळ बसते. केळुसकर गुरुजींनी त्या सभेत शाल दिली असती तर काय झाले असते, याचा विचार करावा. यापुढे आपल्या संस्थेच्या प्रत्येक सत्कारात पुस्तकच द्यावे, आणि देणाऱ्याने ते स्वतः वाचलेले असावे.

तिसरी विनंती नोकरीला लागलेल्या माजी विद्यार्थ्यांना. मुदखेड जंक्शनवरून पुण्या-मुंबईला, हैदराबादला गेलेले आपले शेकडो बंधू-भगिनी आज चांगल्या पदांवर आहेत. वर्षातून एकदा यावे, वसतिगृहात एक रात्र मुक्काम करावा आणि मुलांशी बोलावे. परंतु आपण कसे जिंकलो एवढेच सांगू नये. कोठे अडलो, कोणी हात दिला, कोणत्या मुलाखतीत आडनाव विचारून कसे पाहिले गेले आणि तेव्हा आपण काय केले, हे सारे सांगावे. ज्या घरात काका नाही त्या घराला पुस्तक काका होते, हे आम्ही आरंभी म्हटले. पण पुस्तक परत प्रश्न विचारत नाही, पाठीवर हात ठेवत नाही. ते काम आपले आहे.

पालकांना एवढेच सांगणे की, मुलगा किंवा मुलगी परीक्षेत मागे पडली तर तिच्या खोलीतील पुस्तके आवरू नका आणि तिला एकटीही सोडू नका. तिने काय वाचले ते तिला मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. आपल्याला अक्षरे येत नसतील तरी चालेल. सुभेदार रामजींच्या लेकींनी आपल्या अंगावरचा दागिना उतरवून दिला तेव्हा भावाच्या त्या इंग्रजी पुस्तकांत काय लिहिले आहे, हे त्यांना कोठे ठाऊक होते?

जय भीम! नमो बुद्धाय!